गुणवंतरावांचे वैयक्तिक कागदपत्र

सन सत्तावनच्या फेब्रुवारीत गोंडपिपरीच्या गुणवंतराव कोत्तावारांना नागपूरहून एक पत्र आलं, आणि पुढचे पाच महिने त्यांच्या घरात वेळेवर जेवण असं झालं नाही. पत्र चार ओळींचं होतं. 'वऱ्हाड-झाडी अभिलेख मंडळ' नावाच्या संस्थेनं लिहिलं होतं, की आपण या प्रांतातले जुने अर्थविषयक पत्रकार आहात, आपले वैयक्तिक कागदपत्र कायम जतन करण्याचा मंडळाचा मानस आहे, तरी ते सूचीसह पाठवावेत.

गुणवंतरावांनी ते पत्र उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. मग आत गेले, टोपी घालून आले आणि पुन्हा वाचलं. 'अर्थविषयक पत्रकार' हे शब्द त्यांच्याबद्दल आजवर कुणी लिहिले नव्हते. नागपूरच्या एका साप्ताहिकात ते एकतीस वर्षं 'व्यापारवार्ता' नावाचं सदर लिहीत होते. तांदूळ, मोहफुलं, चारोळी, हिरडा, लाख, डिंक, या मुलखात जे जे पिकतं आणि जे जे जंगलातून डोक्यावर येतं, त्याची आवक आणि भाव दर आठवड्याला टपालानं पाठवायचे. अधूनमधून रुपयाच्या विनिमय दरावर एखादा भारदस्त लेखही लिहायचे. जागा उरली तर संपादक तो छापायचे. तीन वर्षांमागे साप्ताहिक बंद पडलं आणि सदरही. गावात त्यांना पत्रकार कोणी म्हणत नसे. गावात ते 'भाववाले भाऊ' होते, आणि वाटेत गाठून लोक त्यांना वांगी कशी दिली एवढंच विचारत.

"ऐकलं का?" त्यांनी आत हाक मारली. "माझे वैयक्तिक कागदपत्र मागितलेत."

सुगंधाबाई तांदूळ निवडत होत्या. "वैयक्तिक म्हंजे?"

"म्हणजे माझे स्वतःचे."

"मंग तुमचेच आहेत तं त्याहिले काऊन पायजेत?"

गुणवंतरावांचं एक होतं. मन दुखावलं किंवा अभिमान चढला की ते घरातली बोली सोडून छापील मराठी बोलायला लागत. "इतिहासाला त्यांची आवश्यकता आहे," ते म्हणाले आणि माळ्याची शिडी शोधायला गेले.

माळ्यावर फारसं काही नव्हतं. एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या असायला हव्यात, त्यातल्या एकोणीस होत्या. लेखांची कात्रणं एका चपट्या डब्यात होती. संपादकांची पत्रं मात्र कुठेच नव्हती. सुगंधाबाई कागद टाकून देणारी बाई नव्हती, आणि हीच सगळी अडचण होती. त्यांनी एकही कपटा वाया घालवला नव्हता. जो तो कुठे ना कुठे कामाला लावला होता. वह्यांची कोरी पानं शेवया वाळवायला गेली होती. सव्वीस ते एकोणतीस सालची संपादकांची पत्रं भिजवून, कुटून, मेथीच्या पिठात कालवून त्यांनी तांदळाच्या टोपलीला आतून-बाहेरून लिंपली होती. टोपली चांगली झाली होती. तीस वर्षांत तिला किडा लागला नव्हता.

"हे माझे संपादक होते," टोपलीवर हात ठेवून गुणवंतराव म्हणाले.

"मंग टोपली पाठवा नागपूरले," सुगंधाबाई म्हणाल्या. "पण मले दुसरी आणून द्या, मंगच."

सूचीत चौथ्या क्रमांकावर शेवटी तसंच लिहिलं गेलं: 'संपादकांची पत्रे, १९२६ ते २९, टोपलीरूपाने.'

उरलेल्या बारा वह्या गावात पसरल्या होत्या. कोणी मागितली तर सुगंधाबाई नाही म्हणत नसत. शेजारच्या इंदुताईंकडे तीन होत्या. पैकी दोन त्यांनी कुडाच्या भेगांवर चिकटवल्या होत्या आणि एक डाळीच्या मडक्यावर झाकण म्हणून होती. इंदुताईंनी वहीवरचा हात काढला नाही.

"देतो ना, भाऊ. पण झाकण? झाकणाबिगर डाळीत उंदरं पडतीन."

गुणवंतरावांनी घरून पितळी ताटली आणून दिली आणि वही घेतली. कुडावरची पानं त्यांनी ओल्या फडक्यानं भिजवून दोन दिवस बसून सोडवली. त्या दोन दिवसांत इंदुताईंचं घर बघायला अर्धी गल्ली येऊन गेली. बाकीच्या घरांतही तोच प्रकार झाला. एका घरी बसायच्या पिढ्याचा पाय आखूड होता त्याखाली वही होती, तिच्या बदल्यात वरवंट्याचा जुना तुकडा द्यावा लागला. एका घरी जात्याखालचं अंथरण, त्याला गोणपाट. वह्या घरी येत होत्या तसतसं घरातलं सामान बाहेर जात होतं, आणि सुगंधाबाई दारात उभ्या राहून काय काय गेलं ते मोठ्यानं सांगत होत्या.

समोर राहणारे लटारूभाऊ हे निवृत्त पटवारी. कागद म्हटलं की तो विषय आपला, असं त्यांचं ठाम मत होतं. ते रोज सकाळी येऊन ओट्यावर बसत.

"सही कशावरच करू नोका, भाऊ. आज कागद मांगते, उद्या घर मांगन."

"लटारूभाऊ, ही विद्वानांची संस्था आहे."

"तेच तं म्हंतो मी. इद्वान लोक मांगतेच."

ओट्यावर एवढं सांगून लटारूभाऊ बाजारात गेले आणि तिथं त्यांनी सांगितलं ते जरा वेगळं होतं. पुढल्या बाजाराच्या दिवशी गुणवंतराव सकाळी दार उघडतात तो ओट्यासमोर रांग. सरकार जुने कागद जमा करून राह्यलं आणि ज्याचा कागद जमा झाला नाही त्याचं काही खरं नाही, अशी बातमी पसरली होती. कोणी साऱ्याच्या पावत्या आणल्या होत्या, कोणी देवी टोचल्याची चिठ्ठी, कोणी पत्रिका. एका म्हाताऱ्यानं बिडीच्या बंडलाचं वेष्टन आणलं होतं, कारण घरात छापलेलं तेवढंच होतं. गुणवंतराव दुपारपर्यंत एकेकाला समजावत होते की हे माझे वैयक्तिक कागद आहेत. लोक म्हणत होते, "होय जी, आमचेबी वैयक्तिकच आहेत."

रांगेच्या शेवटी एक बाई रिकाम्या हातानं उभी होती. धाब्याकडच्या जंगलातल्या गावाची मंगली. तीस वर्षं ती चारोळी आणि मोहफुलं घेऊन बाजारात येत होती आणि तीस वर्षं गुणवंतराव तिला "आज कशी दिली?" विचारून लिहून घेत होते. शेजारी तिची मुलगी सुकरी उभी होती, पाठीवर वेणी, हातात शाळेचा दाखला.

"मंगली, तुहा कागद?"

"माह्याजवळ कागद नाई, भाऊ. तुमच्याजवळ माहा कागद हाये का, ते इचाराले आली."

गोष्ट अशी होती. सुकरी सातवी पास झाली होती. त्या मुलखातल्या मुलींना चांद्याला नर्सबाईचं शिक्षण द्यायचं ठरलं होतं, राहणं-खाणं फुकट, जूनमध्ये भरती. अट एकच, वय अठरा पूर्ण हवं. आणि सुकरीच्या दाखल्यावर जन्मतारीख होती एक जुलै एकेचाळीस. मास्तरांनी शाळेत घातलं त्या दिवशी तिच्याकडे एकदा पाहून ती लिहिली होती. त्या शाळेतली निम्मी मुलं एक जुलैला जन्मली होती.

"सोळा नाई जी हिले," मंगली म्हणाली. "हे झाली तवा मोठी लढाई सुरू व्हाची होती. मले पक्कं मालूम हाये. पण माह्या मालूमाले कोण इचारते? आन यंदा नाई गेली तं हिचा मामा लगन लावून देते. तो टपूनच बसला हाये."

"पण मंग माह्याकडं काऊन?"

"तुमी दर बजारी लिवत होते ना. त्या साली एका बजारी मी आली नाई. हे झाली म्हून. आली नाई ते बी तुमी लिवलं असन."

गुणवंतराव उठले. आत जाऊन एकोणचाळीसची वही घेऊन आले. ती इंदुताईंच्या डाळीवरचीच होती. कोपऱ्याला हळदीचा डाग होता. चैत्रापासून पानं उलटायला लागले. सुगंधाबाईही येऊन मागं उभ्या राहिल्या. चौथ्या पानावर त्यांचं बोट थांबलं आणि त्यांनी घसा साफ करून वाचलं:

"'अठरा एप्रिल एकोणचाळीस. चारोळीची आवक आज निम्म्यावर. कारण, धाब्याकडील मंगली बाजारास आली नाही. नवरा पत्रू एकटाच अर्धी टोपली घेऊन आला. तिला शनिवारी मुलगी झाली. पुढील दोन बाजारही आवक मंद राहील असा अंदाज.'"

 सुकरीनं वहीत वाकून ती ओळ स्वतः वाचली. मग आईला दाखवली. मंगलीला वाचता येत नव्हतं, तिनं शाईवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "शनवारच होता."

गुणवंतरावांनी आयुष्यात रुपयाच्या विनिमय दरावर चौदा लेख लिहिले होते. त्यातल्या एकाही लेखानं त्यांना हे सुख दिलं नव्हतं.

ही बातमी मात्र लटारूभाऊंच्या मदतीशिवायच पसरली. मग जो तो आपलं वय विचारायला यायला लागला. लटारूभाऊंनीही घरच्यासारखं म्हणून आपलं नाव शोधायला लावलं. ते सापडलं चौतीस सालात: 'वांग्यांची आवक उत्तम. मात्र पटवारी लटारू व एक माळीण यांच्यात वाद झाल्याने तासभर व्यवहार ठप्प.' लटारूभाऊ चार दिवस ओट्यावर आले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि म्हणाले की चूक माळणीची होती.

गुणवंतराव सुकरीला घेऊन तहसील कचेरीत गेले. तिथले बाबू सज्जन होते. त्यांनी वहीतली नोंद दोनदा वाचली, चारोळीचा आताचा भाव विचारला आणि वही परत दिली.

"खाजगी वही पुरावा होत नाही, भाऊ. नोंद कुठल्या तरी दफ्तरातली पाहिजे. दफ्तराची शिक्क्यानिशी नक्कल आणा, मी लगेच पुढं पाठवतो."

"ही वही नागपूरच्या अभिलेख मंडळात जमा होणार आहे."

"मग काय? जमा झाली की ती दफ्तर."

"वही हीच?"

"वही हीच."

"अक्षर माझंच?"

"अक्षर तुमचंच. पण मग ते दफ्तर."

गुणवंतरावांना हे पटलं नाही, पण समजलं. आतापर्यंत त्यांच्या नावासाठी कागद नागपूरला जायचे होते. आता जूनच्या आत जायलाच हवे होते.

मुखरू सुतारानं पेटी करायला घेतली. इतिहासात जायची पेटी म्हणून त्यानं साग काढला, पाडलेल्या घराची जुनी तुळई, आणि पंधरा दिवस रंधा मारला. पेटी अशी झाली की तिच्यात तोंड दिसावं. "एक डाग ठेवला नाई, भाऊ," तो म्हणाला. "लाकडावर कसले शिक्के होते जुने, ते बी साफ छिलून काढले."

मेच्या शेवटी मोटारीच्या टपावर पेटी चढली. आत गुणवंतराव, सुगंधाबाई आणि सुकरी. सुगंधाबाई येणार नव्हत्या, पण टोपली एकट्या पुरुषाच्या हाती द्यायला त्यांचा जीव होईना. बल्लारशाला जाऊन नागपूरची गाडी धरायची होती. मोटार जंगल नाक्यावर थांबली. डोमाजी नावाचे नाकेदार खाली बसून पानाला चुना लावत होते. त्यांनी मान वर केली, टपाकडे पाहिलं आणि पान खाली ठेवलं.

"साग हाये."

"आत कागद आहेत," गुणवंतराव म्हणाले.

"आत काई असो. बाहेर साग हाये. परवाना?"

"पेटीला कसला परवाना?"

"सागाले परवाना लागते. नाई तं लाकडावर आमच्या खात्याचा हातोडा मारला पायजे. कुठी हाये निशाणी?"

निशाणी मुखरूनं डाग म्हणून छिलून काढली होती. पेटी खाली उतरवली गेली. मोटारीतले पंचवीस जण तिच्याभोवती जमले आणि प्रत्येकानं सल्ला दिला. एक म्हणाला जंगलखात्याच्या साहेबांना भेटा, पण साहेब शिकारीवर होते. दुसरा म्हणाला पेटीला रंग द्या. टोपली बाहेर निघाली तेव्हा डोमाजींनी तीही हातात घेऊन पाहिली.

"हे बांबूची हाये."

"ते माझे संपादक आहेत," गुणवंतराव तावातावानं म्हणाले, आणि लोक हसले तसे त्यांचे कान लाल झाले. "महाशय, या पेटीत या मुलखाचा एकतीस वर्षांचा इतिहास आहे. आपण तो रस्त्यावर अडवून ठेवला आहे."

सुकरी शाळेत गप्प बसायला शिकली होती, पण आता मोटार सुटायची वेळ झाली होती. ती पुढं झाली. "मामाजी, त्या वह्यांत बंद्यांचे, साऱ्यांचे वय लिवले हायेत. माहं निंगालं. कोण कवा झालं, कोण कवा नोकरीले लागलं, बंदं."

डोमाजींचा हात पानावर थांबला. "बंद्यांचे?"

"गोंडपिपरीच्या बजारात जो आला त्याचं," सुगंधाबाई म्हणाल्या. "तुमी कुठचे जी? पाहाचं का तुमचं?"

डोमाजी गोंडपिपरीजवळचेच होते आणि त्यांची नोकरी संपायला, खात्याच्या हिशेबानं, अजून तीन वर्षं होती. मिशी मात्र पूर्ण पांढरी होती. त्यांनी एकदा पेटीकडे पाहिलं.

"नाई, नाई, पाहाचं काई नाई," ते घाईघाईनं म्हणाले. "कागदाले परवाना लागतच नाई. कागद घेऊन जा. टोपली बी घेऊन जा. पेटी माह्या जिम्मेदारीवर राहू द्या, परवाना आणून मंग न्या. चला बाप्पा, मोटार सोडा!"

सुगंधाबाईंनी बोचक्यातली दोन लुगडी काढून त्यांत वह्या बांधल्या. अशा रीतीनं गुणवंतरावांचे वैयक्तिक कागदपत्र एका हिरव्या आणि एका जांभळ्या गाठोड्यातून नागपूरला पोचले. त्यांना हे बरं वाटलं नाही. रेल्वेत एका गृहस्थानं त्यांना लुगड्यांचे व्यापारी समजून भाव विचारला, तेव्हा तर ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

अभिलेख मंडळाला मोठी इमारत असेल, पायऱ्या असतील, दरवान असेल, असं त्यांनी मनात धरलं होतं. मंडळ एका पिठाच्या गिरणीच्या वर होतं. एक खोली, एक टेबल, भिंतीभर नव्या लाकडी मांडण्या, सगळ्या रिकाम्या, आणि त्यांच्यावर पिठाचा बारीक थर. टेबलामागं पिंपळखुटे नावाचा तीस-बत्तिशीचा चष्मेवाला तरुण बसला होता. तोच चिटणीस, तोच कारकून.

गुणवंतरावांनी पत्र पुढं केलं. पिंपळखुट्यांनी ते पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"तुम्ही खरंच आणलंत?"

"आपण बोलावलंत."

"मी चाळीस जणांना पाठवलं होतं," पिंपळखुटे म्हणाले. "दहा जणांची उत्तरं आली. नऊ जणांनी लिहिलं की कागद नाहीत, एकानं विचारलं किती देता. तुम्ही पहिले आहात."

चाळीस जणांना! गुणवंतरावांनी आता पत्र नीट निरखलं. मजकूर चक्रमुद्रित होता, त्यांचं नाव तेवढं शाईनं भरलेलं. चार महिने ते डोक्याशी घेऊन झोपले होते आणि ही गोष्ट त्यांना दिसली नव्हती. ते मटकन खुर्चीत बसले. सुगंधाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पिंपळखुट्यांना म्हणाल्या, "बाप्पा, पाणी दे त्याहिले. आन चाळीसातून एकच आला, तं तो मोठाच झाला ना?"

पाणी पिऊन गुणवंतरावांनी विनिमय दरावरच्या लेखांचा डबा उघडला. पिंपळखुट्यांनी तो आदरानं बाजूला ठेवला. "हे छापलेलं आहे, कुठंतरी मिळेलच. वह्या काढा." आणि पहिली वही उघडून ते वाचायला लागले. तास गेला. खाली गिरणी बंद झाली, तेव्हा त्यांनी मान वर केली. डोळ्यांवरून चष्मा काढला होता.

"काका, इंग्रजांच्या अहवालात मुंबईच्या बाजारातला चारोळीचा भाव सापडतो. पण जंगलातून जिनं ती आणली तिला काय मिळालं, हे कुठंच नाही. मापभर मिठाच्या बदल्यात मापभर चारोळी दिली, हे तुम्ही नावानिशी लिहिलंय."

"ते संपादक छापत नसत," गुणवंतराव म्हणाले. "जागा नसायची. पण लिहून ठेवलं. खरं होतं म्हणून."

सुकरीच्या नक्कलेला पिंपळखुटे लगेच तयार झाले. अडचण एवढीच होती, की मंडळानं आजवर कुणाला नक्कल दिली नव्हती आणि शिक्का केलेलाच नव्हता. सीताबर्डीवरचा शिक्केवाला म्हणाला दोन दिवस. तिघं धर्मशाळेत राहिले. सुकरीनं आयुष्यात पहिल्यांदा नागपूर पाहिलं आणि तिला ते गोंगाटाचं वाटलं. तिसऱ्या दिवशी शिक्का आला तो पुरणपोळीएवढा. मंडळाच्या लांबलचक नावातलं एकही अक्षर सोडायला पिंपळखुटे तयार नव्हते. कागदावर मारला तर मजकुराला जागा उरेना. शेवटी आधी शिक्का मारला आणि मग त्याच्याभोवती, मिळेल तिथं, नक्कल लिहिली.

वेळ नव्हता म्हणून परतीच्या वाटेवर थेट चांद्याच्या कचेरीत तो कागद टेबलावर ठेवला, तेव्हा तिथला कारकून जरा मागं सरकला. राज्य नुकतंच बदललं होतं. त्याच्या स्वतःच्या शिक्क्यावर अजून जुन्या प्रांताचं नाव होतं. एवढा मोठा, एवढा नवा शिक्का त्यानं पाहिला नव्हता. त्यानं मधला मजकूर वाचला की नाही कोण जाणे, पण सुकरीचं नाव यादीत लिहिलं. जूनच्या चौदा तारखेला ती पत्र्याची ट्रंक घेऊन चांद्याला राहायला गेली. मंगली सोडायला आली होती. पाणावलेले डोळे पुसून ती गुणवंतरावांना म्हणाली, "मामाले सांगतलं, आता सरकारात लिवलं हाये, तुमचं काई चालत नाई." पेटीचा परवाना जुलैत आला. टोपली मंडळात राहिली, म्हणून पेटी आता तांदळाला वापरतात.

ऑगस्टच्या सुरुवातीला नागपूरहून एक छापील नमुना आला. पिंपळखुट्यांनी लिहिलं होतं, की संग्रह क्रमांक एक पूर्ण नोंदवला आहे, फक्त दात्याच्या माहितीतला एक रकाना रिकामा राहिला. तो भरून पाठवावा. रकाना होता: 'जन्मतारीख (पुराव्यासह)'.

गुणवंतराव तो कागद घेऊन ओट्यावर बसले ते बसलेच. गावातल्या त्रेसष्ट माणसांचं वय त्यांनी त्या उन्हाळ्यात काढून दिलं होतं. स्वतःचं त्यांना ठाऊक नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर एक जुलै होती.

लटारूभाऊंनी कागद पाहिला. "खाली सोडा. रकाना रिकामा रायला म्हून कोणी फाशी देत नाई."

"लटारूभाऊ, एकतीस वर्षांत मी रकाना रिकामा सोडला नाही."

मागं दारात सुगंधाबाई उभ्या होत्या. हात पुसत म्हणाल्या, "मोठा दुष्काळ पडला ना, त्याच्या आदल्या साली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी."

गुणवंतराव वळले. "तुले कोणं सांगतलं?"

"सासूबाईनं. लगन होऊन आली त्याच साली सांगतलं."

"चाळीस वर्षं झाली! मंग मले काऊन नाई सांगतलं?"

सुगंधाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. लटारूभाऊ पुढं झुकले.

"पोळ्याचा दुसरा दिवस म्हंजे मारबतीचा," त्या म्हणाल्या. "गावाबाहेर जाळाले मारबतीचा पुतळा घेऊन लोक गावभर ओरडत होते, इडा पीडा घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत. मिरवणूक बरोबर दारासमोर आली आन तुमी रडले. सासूबाई म्हणे, पोराले सांगू नोको, त्याच्या मनाले लागन. लहानपणापासून त्याच्या मनाले लवकर लागते."

लटारूभाऊंना हसू आवरेना. ते ओट्यावरून उठले आणि रस्त्यापलीकडे आपल्या घरात जाऊन हसले. आवाज मात्र इकडे येत होता.

गुणवंतरावांचा चेहरा छापील मराठी बोलण्याच्या बेतात होता. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. चाळीस वर्षं. किती भांडणं झाली, किती वेळा ही चिडली, आणि दर पोळ्याला दुसऱ्या दिवशी मारबत दारावरून गेली. एकदासुद्धा हिच्या तोंडून निघालं नाही.

"तुले एकदाबी चिडवावंसं नाई वाटलं?" त्यांनी विचारलं. बोली घरचीच होती.

"वाटलं ना. दरसाल वाटलं."

त्यांनी दौत पुढं ओढली आणि रकाना भरला: 'भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. पुरावा: पत्नी.' मग लेखणी तिच्या हाती दिली. सुगंधाबाईंना सही येत होती पण सवय नव्हती. त्यांनी जीभ दातांत धरून, एकेक अक्षर सावकाश जोडत नाव लिहिलं. ते रकान्याबाहेर गेलं.

पंधरा दिवसांनी मंडळाचं उत्तर आलं. त्यावर तोच शिक्का, आणि त्याच्या कडेनं एक ओळ: 'पुरावा ग्राह्य धरण्यात आला आहे.'

सुगंधाबाईंनी ती ओळ गुणवंतरावांकडून तीनदा वाचून घेतली. मग इंदुताईंना हाक मारली आणि चौथ्यांदा वाचायला लावली.